शेपटीवरची खूण

आमच्या आईचा कशावरच विश्वास नाही. ट्राममध्ये चढण्याआधी ती रांगेतल्या दोघांना विचारते, ही कुठे जाते म्हणून. दोघांनी एकच उत्तर दिलं की ते एकमेकांच्या ओळखीचे तर नाहीत ना, असा तिला संशय येतो. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या ती दवाखान्याच्या दारातच मोजते. तिच्या कापडी पिशवीत एक लोखंडी वजन असतं. तांदूळवाल्याकडे गेली की आधी ते त्याच्या काट्यावर ठेवायचं, काटा कुठे जातो ते बघायचं, आणि मगच तांदळाचं बोलायचं. तांदूळवाल्याने एकदा चिडून विचारलं, "लान-ताई, तुमचं वजन तरी खरं कशावरून?" तेव्हापासून ती वर्षातून एकदा ते वजन तपासून आणते.

तिचं नाव माक पुई-लान. हाँगकाँगच्या शाउ-केई-वान बाजारात तिला सगळे लान-ताई म्हणतात. जन्म खाडीतल्या बोटीवरचा, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि सगळी हयात मासळीच्या गाळ्यावर उभी. बाबा इमारतींना बांबूची परांची बांधायचे. मी चार वर्षांची असताना ते परांचीवरून पडून गेले. मुकादम घरी येऊन म्हणाला, दोरी नवी होती, त्यांचाच पाय घसरला. आई दुसऱ्या दिवशी सकाळी एकटी तिथे गेली आणि दोरी हातात घेऊन पाहिली. जुनी होती. बाबांबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही, आणि मीही कधी खोदून विचारलं नाही.

संशयाचा तिचा सगळ्यात मोठा विषय म्हणजे मासे. हॉटेलात जायची वेळ आली, कोणाचं लग्न, कोणाची साठी, की आई जिवंत मासा टेबलाशी आणायला लावायची. तो तर सगळेच लावतात. हॉटेलवाला जाळीत फडफडणारा मासा आणून दाखवतो, आपण मान हलवतो, तो आत जातो आणि वाफवून बाहेर येतो. पण आई नुसती मान हलवत नाही. कल्ले बघते असं दाखवून ती मासा धरते आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने शेपटीचा खालचा कोपरा खुडते, भुईमुगाच्या अर्ध्या दाण्याएवढा. ते नख ती एवढ्यासाठीच वाढवते. मग ताटलीत मासा आला की सगळे त्याचं तोंड बघतात आणि आमची आई शेपूट बघते. लहानपणी मला याची इतकी लाज वाटायची की मी टेबलाखाली चप्पल शोधत बसायचे.

तिच्या स्वतःच्या गिऱ्हाइकांत मात्र एक बाई होती, जिने कधी काही तपासलं नाही. क्वान बाई. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. दर शनिवारी यायच्या, छत्री हाताला अडकवलेली, आणि म्हणायच्या, "तुम्ही द्याल तो." कल्ले बघणं नाही, काट्याकडे बघणं नाही. त्या गेल्या की आई म्हणायची, "अशाने जगात कसा निभाव लागायचा हिचा!" मग एका वर्षी त्या यायच्या बंद झाल्या. मी विचारलं तर आई माशाचे खवले काढता काढता म्हणाली, "गेली असेल. म्हातारीच होती."

चौऱ्याण्णव साली मी सव्वीस वर्षांची होते, दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायचे, आणि मला लग्न करायचं होतं. मुलाचं नाव लुई किन-पोंग. अक्कलदाढ काढायला आला होता. गाल सुजलेला असताना त्याने मला नाव विचारलं, आणि मला ते दोनदा विचारून घ्यावं लागलं की तू काय विचारलंस. मग मी सांगितलं, आ-हान. दोन वर्षं आम्ही भेटत होतो. आईला सांगायचं धैर्य होत नव्हतं, कारण मला तिचा पुढचा प्रश्न माहीत होता.

"काय करतो?" आईने विचारलं.

"हॉटेलात असतो. कॉजवे बेला, पाचूसागरमध्ये."

"बड्या लोकांचं आहे ते. हॉटेलात काय करतो?"

"माशांच्या टाक्या त्याच्याकडे आहेत. गिऱ्हाइकाने निवडलेला मासा मारायचा, साफ करायचा, आचाऱ्याकडे द्यायचा."

आईने हातातली भाजी खाली ठेवली. "म्हणजे चोर."

"आई, तू त्याला पाहिलंही नाहीस!"

"त्याला कशाला पाहायचं? माझे मेलेले मासे एवढी वर्षं कुठे जातात, ते मी पाहिलंय. सकाळी दहा वाजता कोट घातलेली माणसं येतात. ताजे मेलेले आहेत का लान-ताई? निम्म्या भावात घेऊन जातात. त्यांच्या टाकीत हेकरूसारखा महागाचा मासा जिवंत पोहत असतो तो दाखवायला. टेबलापाशी तोच फडफडतो, दहा वेळा. आणि ताटलीत माझा मेलेला येतो. ही अदलाबदल करतो कोण? मालक? मालक बाहेर हात जोडून उभा असतो. आत सुरी घेऊन उभा असतो तो करतो."

"किन-पोंग तसं करत नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

"वा," आई म्हणाली. "मग प्रश्नच मिटला."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दारातून म्हणाली, "गुरुवारी दुपारी तिथे जेवायला जाऊ. तू त्याला कळवायचं नाहीस. मासा बदलला, तर या घरात त्याचं नाव काढायचं नाही. नाही बदलला, तर बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. बाबांच्या फोटोसमोर उभी राहा आणि सांग, कळवणार नाही म्हणून."

मी उभी राहिले आणि सांगितलं. आणि खरंच कळवलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मला वाटलं, कळवायची गरजच काय? तो बदलणारच नाही.

गुरुवारी आईने गाळा बंद ठेवला. बाबा गेले तेव्हाचे दिवस सोडले, तर आजारी नसताना घेतलेली एकतीस वर्षांतली ही पहिली सुट्टी. साक्षीदार हवा म्हणून शेजारच्या गाळ्यावरची भाजीवाली खू मावशी बरोबर घेतली. खू मावशीला साक्षीबिक्षीशी काही देणंघेणं नव्हतं. फुकटात हेकरू मिळतोय म्हटल्यावर ती ठेवणीतला रेशमी सदरा घालून आली आणि सकाळपासून उपाशी आहे असं ट्राममध्येच तिने जाहीर केलं.

पाचूसागरच्या दारातच भिंतभर टाक्या. खेकडे, शेवंडी, माशांच्या रांगा, पाण्यात बुडबुडे. आई टाक्यांपुढून हळूहळू गेली, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासारखी. "पाणी स्वच्छ आहे," ती म्हणाली. मला बरं वाटलं. "जास्तच स्वच्छ आहे," ती पुढे म्हणाली.

आम्हाला खांबामागचं टेबल मिळालं. गुलाबी कापड, घडी घातलेले रुमाल, चांदीच्या टेकणीवर चॉपस्टिक्स. आईने गरम चहा मागवला आणि वाट्या, चमचे, चॉपस्टिक्स सगळं त्यात बुचकळून धुतलं. असं आम्ही साध्या हॉटेलात करतोच, पण इथे आजूबाजूला कोणी करत नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मोत्यांची माळ घातलेल्या बाई बघायला लागल्या. आईने त्यांच्याकडे बघत खू मावशीचीही वाटी धुतली.

कॅप्टन आला. म्हणजे तिथला मुख्य वाढपी, काळा कोट, शेक नावाचा. त्याच्या छातीवर पाटी होती, तरी आईने नाव विचारून घेतलं. "मॅडम, आज तांबडा हेकरू फार छान आहे," तो म्हणाला.

"काल छान नव्हता का?"

"कालही होता, मॅडम."

"मग आज फार कशाने?"

कॅप्टन हसला. अशी माणसं त्याने खूप पाहिली असणार. हेकरू, उकडलेली कोळंबी आणि एक सूप आम्ही सांगितलं. थोड्या वेळाने तो लाल बादलीतून जाळी घेऊन आला. जाळीत हेकरू फडफडत होता, तांबडा, अंगभर निळसर ठिपके. शेपटीचा फटकारा बसून कापडावर पाणी उडालं.

"कल्ले बघू," म्हणून आईने जाळीत हात घातला. कॅप्टन घाईने म्हणाला, "मॅडम, हात खराब होतील." एकतीस वर्षं मासळीच्या गाळ्यावर काढलेल्या बाईला! तिने कल्ला उचलला, बघितला, आणि हात बाहेर काढताना अंगठा शेपटीवरून गेला. मला दिसलं. खू मावशीला दिसलं. कॅप्टनला दिसलं नाही. आईने बाहेर काढलेला कोपरा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला, वजनाशेजारी.

"जा, करा," ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

कोळंबी आली. खू मावशी सोलायला लागली. आई काही खाईना. "मारायला, खवले काढायला, धुवायला चार मिनिटं," ती पुटपुटली. "वाफेला आठ. गर्दी नाही. पंधरा मिनिटांत यायला हवा." पंधरा झाली. वीस झाली. "बर्फातून काढायला वेळ लागतो," आई म्हणाली.

"अगं, तुझ्याच्याने जेववत नाही का शांतपणे?" खू मावशी म्हणाली.

"तू खा. तुझी मुलगी नाही द्यायची आहे."

अठ्ठाविसाव्या मिनिटाला मासा आला. लांबट पांढरी ताटली, वर कांद्याची हिरवी पात, गरम तेलाचा अजून चरचर आवाज. कॅप्टनने माशाचं तोंड आईकडे करून ताटली ठेवली, मान म्हणून. आईने एका बोटाने ताटली फिरवली. शेपूट तिच्यासमोर आली. आख्खी शेपूट. दोन्ही कोपरे जसेच्या तसे.

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आईवर नव्हता. मला एकदम एकेक आठवायला लागलं. दोन वर्षांत त्याने मला कधी हॉटेलच्या मागच्या बाजूला येऊ दिलं नव्हतं. ओलं असतं, वास येतो, म्हणायचा. मागच्या महिन्यात त्याने मला घड्याळ दिलं होतं. ते कुठून आलं? त्याचे हात इतके स्वच्छ कसे असतात? मी तिचीच मुलगी, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा कळलं. हातातलं घड्याळ मला टोचायला लागलं.

"हा तो नाही," आई म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. मला वाटलं होतं, ती निदान जिंकल्यासारखी बघेल.

खू मावशी ताटलीवर वाकली. "पण लान, डोळे बघ की. बाहेर आलेत. पर ताठ उभे आहेत. अंग फाटलंय पाठीवर. हा मेलेला नव्हता गं. उड्या मारत होता, मग मारलाय."

आईने बघितलं. मीही बघितलं. खरं होतं. मेलेला मासा वाफवला की पर अंगाला चिकटून पडतात, डोळे आत राहतात. आमच्या बाजारात हे शेंबड्या पोरालाही कळतं. ताटलीतला मासा जिवंत मारलेला होता. आणि जाळीतल्यापेक्षा बोटभर मोठाच होता.

"जिवंताच्या जागी जिवंत," आई हळू म्हणाली. "लहानाच्या जागी मोठा. यात त्याला मिळालं काय?" असं कोणालाही वाटलं असतं की चला, आपला फायदा झाला, जेवा आता. आमच्या आईच्या कपाळावर आठ्या वाढल्या. जी चोरी कशासाठी केली ते कळत नाही, ती तिच्या लेखी सगळ्यात वाईट. "काहीतरी मोठं आहे यात," ती म्हणाली, आणि हात वर करून कॅप्टनला बोलावलं.

"हा मी बघितलेला मासा आहे?"

"तोच, मॅडम."

"त्याची शेपूट मी खुडली होती."

"वाफेने फुगते, मॅडम. भरून येते."

आई उठली. रुमालातला कोपरा तिने उलगडून गुलाबी कापडावर ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि पितळी मुठीच्या दारातून सरळ आत गेली. मी तिच्यामागे, कॅप्टन माझ्यामागे, "मॅडम, मॅडम, आत जाता येत नाही." मोत्यांच्या माळेच्या बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

आत वाफ, भांड्यांचा आवाज, ओली फरशी. डाव्या हाताला दगडी ओटा, वर धो धो नळ. ओट्यामागे किन-पोंग, रबरी बूट, रबरी एप्रन, हातात सुरी. त्याने आईला पाहिलं, मग मला पाहिलं. सुरी त्याने ओट्यावर ठेवली. तो पांढराफटक पडला होता. माझ्या मनात आलं, झालं, आता काही उरलं नाही.

"काकू," तो म्हणाला.

"मला ओळखतोस?"

"नाही. म्हणजे, आता ओळखलं."

"माझा मासा कुठे आहे?"

तो वाकला आणि ओट्याखालून एक पत्र्याचं भांडं काढलं. त्यात हेकरू होता, तांबडा, खवले काढलेला, पोट चिरलेला. शेपटीचा खालचा कोपरा नव्हता. पोटाच्या आतून हिरवट पिवळा डाग पसरला होता.

"पित्ताची पिशवी फुटली माझ्या हातून," किन-पोंग म्हणाला.

आईने डागावरून बोट फिरवून जिभेला लावलं आणि लगेच मोरीत थुंकली. कडू. तोंड वेडंवाकडं झालं, तरी ती खात्री करायला परत एकदा चाखणार की काय असं मला वाटलं.

कॅप्टन पुढे आला. "तू मला न विचारता दुसरा काढलास? वाइन लावून धुतला असतास, आलं जरा जास्त घातलं असतं. कोणाला कळणार होतं?"

"विचारलं असतं तर हेच म्हणाला असतात," किन-पोंग म्हणाला. "म्हणून नाही विचारलं."

"हाही माझ्या बिलात लावा," आई कॅप्टनला म्हणाली. "आणि तुम्ही बाहेर जा. मघाशी शेपूट भरून येते म्हणालात, तेवढं पुरे झालं."

तो गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, संपलं, आता ती मान हलवेल. पण आईची चौकशी आत्ता कुठे सुरू झाली होती.

"किती वर्षं करतोस हे?"

"अकरा."

"अकरा वर्षांत पित्त किती वेळा फुटलं?"

"पहिल्या वर्षी दोनदा. मग आज."

"मधली दहा वर्षं नाही आणि नेमकं आज? का?"

आई म्हणाली, "हात दाखव." त्याने दोन्ही हात पुढे केले. आईने ते उलटेपालटे करून पाहिले.

"शेपूट बघितली," तो म्हणाला. "मारून झाला, उलटा केला, तर कोपरा नाही. नखाने खुडलेला. आ-हानने मला एकदा सांगितलं होतं, आमची आई असं करते म्हणून. म्हटलं, म्हणजे काकू बाहेर बसल्यात. आणि सुरी आत गेली ती जास्तच गेली."

आईने माझ्याकडे वळून बघितलं. खरं होतं. कधीतरी नूडल्स खाताना मी त्याला हसत हसत हे सांगितलं होतं, चप्पल शोधायच्या गोष्टीसकट. मला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. आई मात्र रागावली नव्हती. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती एकेक पायरी चाचपून चढल्यासारखी बोलत होती.

"म्हणजे मी बाहेर आहे, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"ताटली आली की मी शेपूट बघणार, हेही."

"हो, काकू."

"धुऊन तोच मासा पाठवला असतास तर खूण तशीच राहिली असती."

"पण कडू लागला असता."

"बरं. कडू लागला असता. दुसरा काढलास, चांगलं केलंस." ती एक पाऊल पुढे गेली. "मग त्या दुसऱ्याची शेपूट का नाही खुडलीस? सुरी हातात होती. मासा चांगला, खूणही जागच्या जागी. मी जेवले असते, मान हलवली असती, आणि तुझं लग्न झालं असतं. का नाही खुडलीस?"

नळ वाहत होता. किन-पोंगने तो बंद केला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या भांड्यातल्या माशाकडे. तो खरोखर विचार करत होता, आणि विचार करता करता त्याचा चेहरा उतरला, परीक्षेत सोपं गणित सुटून गेल्यावर उतरतो तसा.

"सुचलंच नाही," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. गिऱ्हाइकाने दिलेली नोट ती उजेडात धरून बघते, तेवढा वेळ. मग वळली आणि बाहेर चालू लागली. मी किन-पोंगकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. त्याला वाटलं, आपण नापास झालो. मलाही तसंच वाटलं.

टेबलापाशी खू मावशीने वरची अर्धी बाजू साफ केली होती. "गार होत होता," ती म्हणाली. "आणि पोलीस येणार असतील तर निदान पोट भरलेलं असावं."

आई बसली. तिने मधला काटा अलगद वर उचलून काढला. मासा उलटवायचा नाही, मासा उलटला की बोट उलटते म्हणून बोटीवर जन्मलेली माणसं ताटलीतला मासा कधी उलटवत नाहीत. खालच्या बाजूचा तुकडा तिने घेतला आणि खाल्ला. मग आणखी एक खाल्ला. माशाच्या गालाचं मऊ मांस, जे मानाच्या पाहुण्याला देतात, ते काढून तिने माझ्या वाटीत टाकलं. मी घास घेतला.

"मला सुचलं असतं," आई म्हणाली.

"काय?"

"शेपूट खुडायचं. पित्त फुटल्याबरोबर पहिलं तेच सुचलं असतं मला. मासा धुवायच्याही आधी."

खू मावशीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. आई ताटलीकडे बघत बोलत होती, आमच्याकडे नाही.

"क्वान बाई आठवते? तिचा मुलगा परदेशातून यायचा होता, सहा वर्षांनी. मला म्हणाली, लान-ताई, आज जरा चांगला द्या. दर वेळी म्हणायची तुम्ही द्याल तो, त्या दिवशी तेवढं म्हणाली. माझ्या हातून पित्त फुटलं. गर्दी होती. मी मिठाने धुतला, कागदात गुंडाळला आणि दिला."

"मग?" मी विचारलं. "ती येऊन काही बोलली?"

"नाही ना. बोलली असती तर मी भांडले असते. म्हटलं असतं, तुमच्याच आचेवर काहीतरी झालं असेल." तिने चहाची वाटी उचलली आणि न पिता ठेवली. "ती मेली नाही, आ-हान. पलीकडच्या गल्लीतून मासे घेते. ट्रामच्या थांब्यावर दिसते कधीकधी. मला बघून मान हलवते आणि पुढे जाते."

आईला मी माझ्या उभ्या आयुष्यात कशाबद्दलही कच खाताना पाहिलं नव्हतं. मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. शेजारच्या टेबलावर मोत्यांच्या माळेच्या बाईंनी जाळीतला मासा बघून मान हलवली आणि कॅप्टन तो आत घेऊन गेला. आईने त्या जाळीकडे वळूनही बघितलं नाही.

बिल आलं. तिने ते खालून वर आणि वरून खाली तपासलं, कोळंबी दोनदा लावलेली नाही ना ते बघितलं. दोन्ही हेकरू होते. पैसे दिले. कॅप्टनने कडू मासा मेणकागदात गुंडाळून दिला, तो तिने पिशवीत वजनावर ठेवला.

बाहेर उन्हात ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. खू मावशी सावली शोधत पुढे गेली. मी कितीतरी वेळ विचारायचं धाडस करत होते. "मग? बघू म्हणाली होतीस."

"रविवारी जेवायला बोलाव त्याला," आई म्हणाली. "मासा मी आणीन. साफही मीच करीन."

"बरं."

ट्राम दिसायला लागली. आईने पाटीकडे बघितलं, पण कोणाला काही विचारलं नाही.

"आणि त्याला सांग," ती म्हणाली, "मी साफ करत असताना शेजारी उभा राहा. नीट बघ."